पाच नंबर

अरबीत पाचाचा आकडा गोल असतो.
आपलं शून्यच, जरासं अंड्यावर गेलेलं.
पहिल्या दिवशी मालक म्हणाला, 'हमदुले, पाच काढ.'
मी काढला आपला, शेपटीवाला.
दुकानातला केरळी पोरगासुद्धा हसला.
मग ऐन सिद्राच्या भिंतीभिंतीवर, फडक्याफडक्यावर
मी गोल काढत गेलो:
मतदारसंघ क्रमांक पाच.

ऐन म्हणजे झरा. सिद्र म्हणजे बोर.
बहारीनमधलं खजुरीचं गाव, मनामाहून अर्ध्या तासावर.
झरा मी यायच्या आधीच आटलेला,
त्याच्या हौदात पोरं फुटबॉल खेळत.
बोर मात्र होती, काट्यांसकट,
तिच्याखाली हाजी मक्कींनी तंबू ठोकला.
समोर उस्ताद जवाद, गणिताचे मास्तर.
दोघे सख्खे साडू.
म्हातारे म्हणत, आमच्या ऐन तारुण्यात एकदा मतदान झालं होतं,
मग पोरांना पोरं झाली तोवर नाही.

सकाळी मी हाजींचं नाव रंगवी, रात्री उस्तादांचं.
रंग एकाच डब्यातला.
हाजी मजुरी खजुरात देत, उस्ताद रोख,
आणि पावती मागत.

मतदान मुलींच्या शाळेत.
दोघी बहिणी हातात हात घालून आल्या,
काळ्या अबायांमधून कोण मक्कींची, कोण जवादांची
मला आजही सांगता येणार नाही.
मत कुणाला दिलं, ते त्यांनी नवऱ्यांनाही सांगितलं नाही.
हाजी सात मतांनी आले.
उस्तादांनी बेरीज तीनदा तपासली,
मग तंबूत जाऊन काळा चहा प्यायले, साखर जास्त घालून.

चार वर्षांत गावाला मिळालं ते एवढं:
रस्त्यावर नऊ दिवे,
कब्रस्तानाला कुंपण,
आणि एक दवाखाना, रविवारी आणि बुधवारी.
तेही पुष्कळ, असं हाजी म्हणत. उस्ताद म्हणत नसत.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात नकाशा आला.
रेघ हायवेवरून उतरली,
मशिदीपाशी जरा अदबीनं वळली,
आणि कोरड्या हौदातून आरपार गेली.
एका बहिणीचं स्वयंपाकघर तीन नंबरात,
दुसरीचं आठात.
वाटी अजून इकडून तिकडे जाते, झाकून.
पाच नंबर दिला नव्या वसाहतीला,
जिथे समुद्रात भराव टाकणं चालू होतं
आणि मतदार अजून यायचे होते.

मला कुणी विचारलं नाही. का विचारावं?
मी तर इथला नाहीच.
त्याच साली भावाचा फोन आला:
आपलाही मतदारसंघ मोडला रे, दोन शेजाऱ्यांनी वाटून घेतला,
आता आमदार खाडीपलीकडचा,
आणि तुझं नाव यादीतून काढलंय, पुढे 'स्थलांतरित' लिहून.
मी म्हटलं, अक्षर कसं आहे?
तो म्हणाला, छापील.

हाजी गेले. त्यांचा शेवटचा फलक
कबुतरांच्या खुराड्यावर सावलीला बांधलाय.
नाव उन्हानं खाल्लं. हसरा चेहरा कबुतरांनी.
गोल तेवढा राहिलाय, का कोण जाणे,
त्या दिवशी रंग जाड झाला असेल.

परवा त्यांचा नातू आला, अली रिदा.
खजुराची टपरी टाकतोय हायवेला,
'फक्त ऐन सिद्रा लिहा, अम्मू. हिरव्यात.'
लिहिलं. कोपरा रिकामा वाटला.
हात आपोआप गेला.
पोरगा फोनमध्ये होता, त्यानं पाहिलंच नाही.

उस्ताद जवाद काठी टेकत आले,
वर्गातल्या फळ्याकडे पाहावं तसे पाहत राहिले.
बराच वेळ.
मग म्हणाले, 'वर जोडायचा राहिलाय.'

मी जोडला.